हायड्रिला, अझोला आणि हरभऱ्याची गाठ : कॉलेजसाठी घेतलेल्या मायक्रोस्कोपबद्दल

चोपडा तालुक्यातल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजने दिवाळीनंतर जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी दोन आयपीसचा (डोळ्याजवळच्या भिंगांचा) एक मायक्रोस्कोप घेतला. अंबाल्याची बनावट. ४, १०, ४० आणि १०० पट अशी चार ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडकडची भिंगं), खाली एलईडी, आत चार्ज होणारी बॅटरी. जळगावच्या विक्रेत्याकडून जीएसटी धरून साडेअकरा हजारांना पडला. थंडी, उन्हाळा आणि पावसाळ्याची सुरुवात असं सगळं त्याने आमच्याकडे काढलं, अकरावी-बारावीच्या मुलांचे हात झेलले, म्हणून आता त्याच्याबद्दल लिहायला हरकत नाही. आजूबाजूच्या कॉलेजांतले शिक्षक विचारतात, "मॅडम, घेण्यासारखा आहे का?" आहे. नक्की घ्या. पण जाहिरातीत ज्या गोष्टीसाठी घ्या म्हणतात तिच्यासाठी नको. तो कुठे कामाला येतो आणि कुठे हात टेकतो, ते सविस्तर सांगते.

आम्ही तो घेतला एका वाक्यासाठी. 'हरितलवक आणि तंतुकणिका यांच्यात स्वतःचा डीएनए आणि ७०एस रायबोझोम असतात' हे वाक्य मुलं दोन मार्कांसाठी पाठ करतात आणि पुढच्या धड्यावर जातात. रायबोझोम म्हणजे प्रथिनं बनवणारे कण, आणि ७०एस हे जिवाणूंच्या रायबोझोमचं माप. या वाक्यात केवढी मोठी गोष्ट दडली आहे! आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणारी तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) कधीकाळी मोकळी फिरणारा जिवाणू होती. केळीच्या पानातलं हरितलवकही असंच, एके काळचं स्वतंत्र नीलहरित शैवाल, म्हणजे उजेडावर अन्न बनवणारा जिवाणूच. एका पेशीने दुसरीला आत घेतलं, पचवलं नाही, आणि दोघांचा संसार दीडशे-दोनशे कोटी वर्षं चालला. जीवशास्त्रात मला याहून थोर गोष्ट ठाऊक नाही. ती नुसती फळ्यावर सांगून पोरांच्या गळी उतरत नाही. डोळ्यांना काहीतरी दिसावं लागतं.

पहिली स्लाइड हायड्रिलाची. तापीकाठच्या संथ पाण्यात ही वनस्पती हवी तेवढी मिळते. शेंड्याजवळचं कोवळं पान चिमट्याने तोडायचं, पाण्याच्या थेंबात ठेवायचं, वर कव्हरस्लिप. कापणं नाही, रंग नाही. हायड्रिलाचं पान फक्त दोन पेशींच्या थरांचं असतं, त्यामुळे ते मायक्रोस्कोपची परीक्षाच घेतं. फाइन ॲडजस्टमेंट चांगली असेल तर नॉब किंचित फिरवला की वरचा थर विरतो आणि खालचा, थोड्या लहान पेशींचा थर स्वच्छ उभा राहतो. आमच्या जुन्या मायक्रोस्कोपमध्ये हे दोन थर एकमेकांत मिसळून हिरवा गाळ दिसायचा. यात वेगळे दिसतात. ४०च्या ऑब्जेक्टिव्हला या यंत्रात मी पैकीच्या पैकी गुण देते. स्लाइडला टेकलं तर आत दबणारी स्प्रिंग आहे, त्यामुळे मुलांनी घाईत नॉब फिरवला तरी काच वाचते.

आयपीसवर '१०एक्स/१८' असं कोरलेलं आहे. त्यातला १८ हा आकडा मुलांना नक्की दाखवा. त्याला ऑब्जेक्टिव्हच्या आकड्याने भागलं की डोळ्याला दिसणाऱ्या गोलाचा व्यास मिळतो: १८ भागिले ४०, म्हणजे ०.४५ मिलिमीटर. मग एका रेषेत किती हरितलवकं मावतील याचा अंदाज बांधायचा आणि एकाचा आकार काढायचा. पाच मायक्रोमीटरच्या आसपास उत्तर येतं. मुक्त राहणाऱ्या नीलहरित शैवालाच्या पुष्कळ पेशीही साधारण याच मापाच्या असतात. हे माप मुलांनी स्वतः काढलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

एलईडीबद्दल एक सूचना. त्याचा उजेड जरुरीपेक्षा जास्त आहे. रंग न दिलेली जिवंत पेशी पाहताना दिवा मंद करा, डायफ्रॅम (उजेडाची झडप) बराच मिटवा, कंडेन्सर (उजेड गोळा करणारं खालचं भिंग) थोडा खाली घ्या. मगच कडा दिसतात. पूर्ण उजेडात सगळं धुऊन जातं आणि मुलांना वाटतं मायक्रोस्कोपच खराब आहे.

दिवा जमला, स्लाइड थोडी कोमट झाली, की मधल्या शिरेजवळच्या पेशींत हरितलवकं भिंतीच्या कडेकडेने फिरायला लागतात. आमच्या वर्गातल्या एका मुलीने डोळा लावला आणि ओरडली, "मॅडम, ह्या ते पळी ऱ्हायनात!" अख्खा वर्ग बाकं सोडून धावला. अहिराणीत ओरडलेलं असं वाक्य वर्गात ऐकू आलं की माझा दिवस कारणी लागतो.

इथे शिक्षकाने थांबून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ती पळतात म्हणून ती वेगळे जीव आहेत असं मुळीच नाही. ते पळणं पेशीचं आहे. पेशीद्रवातल्या ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंवर मायोसिन हे दुसरं प्रथिन सरकतं, पेशीद्रव वाहतो आणि हरितलवकं त्याच्याबरोबर वाहतात. खरा पुरावा शांतपणे शोधावा लागतो. कोवळ्या पानात बघत राहिलं तर मध्येच एखादं हरितलवक कमरेत आवळलेलं, डमरूसारखं दिसतं. ते दोन होण्याच्या बेतात असतं. हरितलवक पेशीत कोऱ्या मालातून घडत नाही, आधीच्या हरितलवकापासूनच होतं. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रेआस शिंपर याने १८८३ साली हेच ओळखलं आणि ही रचना मुळात दोन जीवांच्या सहवासासारखी दिसते अशी शंका लिहून ठेवली. रशियाच्या कॉन्स्टँटिन मेरेश्कोव्स्कीने १९०५ मध्ये ती सिद्धान्त म्हणून मांडली. त्यांच्या हातात उजेडावर चालणारा मायक्रोस्कोपच होता. त्यांनी पाहिलेला तो आवळलेला दाणा आमच्या साडेअकरा हजारांच्या यंत्रात दिसतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

दुसरी स्लाइड अझोलाची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या बारीक नेच्याची. आमच्याकडे बरेच शेतकरी म्हशींना खुराक म्हणून प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात अझोला वाढवतात. कॉलेजच्या मागच्याच मळ्यात असा एक खड्डा आहे. ओंजळभर आणलं तरी कोणी नाही म्हणत नाही. एक बारीक पान स्लाइडवर ठेवायचं, पाण्याचा थेंब, कव्हरस्लिप, आणि वरून टिश्यू ठेवून अंगठ्याने दाबायचं. पानाच्या वरच्या पाळीत एक पोकळी असते. ती फुटली की निळसर हिरव्या मण्यांच्या माळा बाहेर सांडतात. हे नॉस्टॉक ॲझोली, जुन्या पुस्तकांतलं ॲनाबिना. माळेत दर काही मण्यांमागे एक मणी जरा मोठा, फिकट, जाड भिंतीचा दिसतो. तो हेटरोसिस्ट, हवेतला नत्र बांधणारा. मोकळ्या नॉस्टॉकमध्ये असे मणी विरळ असतात, अझोलात ते कितीतरी दाट. मुलांनी मोजून पाहावं. १०च्या ऑब्जेक्टिव्हवर माळ सापडते आणि ४०वर हेटरोसिस्टच्या टोकाचे चमकदार ठिपकेही दिसतात.

ही स्लाइड बघताना दोन गोष्टी सांगायच्या. हे नॉस्टॉक अझोलाच्या बीजाणूंबरोबरच पुढच्या पिढीत जातं, अझोला ते नव्याने कुठून गोळा करत नाही. २०१० मध्ये त्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला तेव्हा त्यातली पुष्कळ जनुकं मोडकळीला आलेली निघाली. घराबाहेर एकट्याने जगण्याची ताकद ते गमावून बसलं आहे. पण ते पेशीच्या आत नाही. पानाच्या पोकळीत, पेशींच्या बाहेर राहतं. अंगक, म्हणजे पेशीचाच एक भाग, व्हायला अजून एक उंबरा ओलांडायचा बाकी आहे.

तिसरी स्लाइड हरभऱ्याची, आणि हिच्यासाठी १०० लागतो. डिसेंबर-जानेवारीत रोप हळुवार उपटा, झटकू नका, नाहीतर गाठी मातीत राहतात. मुळावरची गाठ ब्लेडने कापली की आत गुलाबी दिसते. तो लेगहिमोग्लोबिनचा रंग, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद. नत्र बांधणाऱ्या विकराला प्राणवायू चालत नाही, म्हणून हे लेगहिमोग्लोबिन प्राणवायू आवरून धरतं. कापलेला तुकडा स्लाइडवर चिरडून पसरा, सुकू द्या, ज्योतीवरून फिरवा, मिथिलीन ब्लू मिनिटभर, धुऊन सुकवा, वर इमर्शन ऑइलचा थेंब. निळ्या छोट्या दांड्या गर्दीने दिसतात. पातळ काप घेता आला तर ४०वर गाठीच्या मधल्या पेशीच दाणेदार भरलेल्या दिसतात. हे रायझोबियमच्या कुळातले जिवाणू, पेशीच्या आत, पेशीनेच दिलेल्या पातळ आवरणात गुंडाळलेले.

आणि यांचं कुळ कोणतं? अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया. आपल्या तंतुकणिकेचा पूर्वज याच गोतावळ्यातला होता. हे सांगितल्यावर वर्गात जी शांतता पसरली, ती मी विसरणार नाही. बापाच्या शेतातल्या हरभऱ्याच्या गाठीत बसलेला जीव आपल्या हृदयाच्या पेशीत चाललेल्या गोष्टीचा दूरचा नातलग आहे, हे खान्देशातल्या पोराला सांगायला शहरातली प्रयोगशाळा लागत नाही.

पण हरभऱ्याच्या बियाण्यात हा जिवाणू नसतो. दरवर्षी रोपाला तो मातीतून नव्याने मिळवावा लागतो. म्हणून तर पेरणीआधी गुळाच्या पाण्यात रायझोबियमचं पाकीट कालवून बीजप्रक्रिया करतात. मुलांना मी सांगितलं, हा सालदार आहे, अक्षय्य तृतीयेला करार संपला की नवा करार. आखाजी आमच्याकडे मोठा सण, सालदारकीचा हिशेबही त्याच दिवसाचा, त्यामुळे पुढचं काही समजवावं लागलं नाही.

आता तिन्ही स्लाइड शेजारी ठेवा. अझोलातलं नॉस्टॉक वारशाने मिळतं, पण पेशीबाहेर राहतं. हरभऱ्यातला जिवाणू पेशीत राहतो, पण वारशाने येत नाही. हायड्रिलातलं हरितलवक पेशीतही आहे आणि वारशानेही येतं. त्याच्यावर आणखी एक पायरी आहे, ती स्लाइडवर दिसत नाही, तोंडी सांगावी लागते. मोकळ्या नीलहरित शैवालात काही हजार जनुकं असतात, हरितलवकात शंभर-सव्वाशेच्या घरात उरली आहेत. बाकीची काही हरवली, बरीच केंद्रकात गेली. त्यांची प्रथिनं बाहेर बनतात आणि दोन पटलांच्या दारांतून आत नेली जातात. एवढं झाल्यावर पाहुणा परत जाऊ शकत नाही. यजमानही त्याच्याशिवाय जगत नाही.

हे सगळं फार जुनं, संपलेलं प्रकरण आहे असं मुलांना वाटतं. तसं नाही. २०२४ मध्ये ब्रारुडोस्फेरा बिगेलोवी या समुद्रातल्या एकपेशीय शैवालाबद्दल शोध जाहीर झाला. त्याच्या पेशीत राहणारा नत्र बांधणारा नीलहरित जिवाणू पेशीच्या तालावर विभागतो आणि पेशीने बनवलेली प्रथिनं आत घेतो. म्हणजे तो आता अंगकच, नायट्रोप्लास्ट. हा संसार साधारण दहा कोटी वर्षांचा, हरितलवकाच्या मानाने कालपरवाचा. युरियाच्या गोणीसाठी रांगेत उभं राहिलेल्या घरातल्या मुलांनी लगेच विचारलं, "मॅडम, गव्हात नाही का बसवता येणार?" जगभरचे संशोधक हाच प्रश्न घेऊन बसले आहेत. बारावीच्या वर्गातून तो असा सहज यावा, याचं श्रेय मी त्या तीन स्लाइडना देते.

आता तंतुकणिका. विक्रेत्याच्या पत्रकात 'तंतुकणिका स्पष्ट दिसते' असं छापलं होतं आणि सोबतच्या तयार स्लाइडच्या पेटीत त्या नावाची एक स्लाइडही होती. त्या स्लाइडवर पेशी दिसतात, तंतुकणिका सांगण्यासारखी दिसत नाही. ती पेटी घेऊ नका, तेवढ्या पैशांत रंग आणि कव्हरस्लिप घ्या. उजेडाच्या मायक्रोस्कोपला साधारण ०.२ मायक्रोमीटरची मर्यादा आहे आणि तंतुकणिकेची जाडी अर्धा ते एक मायक्रोमीटर. ती आहे एवढं कळतं, आतल्या घड्या आणि दुहेरी पटल कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो. कांद्याच्या आतल्या पापुद्र्याला जेनस ग्रीन बी हा रंग अगदी पातळ करून द्या, थोडा वेळ थांबा, १००वर बघा: निळसर हिरवे बारीक ठिपके आणि काड्या दिसतात. रंग लवकर उडतो, म्हणून मुलांची रांग आधी लावून ठेवा. जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड आल्टमनने १८९०मध्ये असेच कण रंगवून पाहिले आणि ते पेशीत राहणारे स्वतंत्र प्राथमिक जीव आहेत असं म्हटलं. तेव्हा फारसं कोणी ऐकलं नाही.

ऐकलं गेलं ते खूप उशिरा. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस, तेव्हाची लिन सेगन, हिचा याच विषयावरचा लेख पंधराएक नियतकालिकांनी परत पाठवल्यावर १९६७मध्ये छापून आला. त्याआधी १९६३मध्ये मार्गिट आणि सिल्व्हन नास यांनी तंतुकणिकेत डीएनएचे धागे दाखवले होते. १९८१मध्ये माणसाच्या तंतुकणिकेचा सगळा डीएनए वाचून झाला: डीएनएच्या अक्षरांच्या १६,५६९ जोड्या, ३७ जनुकं, त्यांतली प्रथिनांची फक्त १३. तंतुकणिकेत मात्र हजाराहून जास्त प्रथिनं काम करतात. उरलेली सगळी केंद्रकाच्या हुकमाने बनतात. मार्ग्युलिसचं सगळंच टिकलं नाही. पेशीची कशाभिका, म्हणजे पोहण्याची शेपटी, हीसुद्धा जिवाणूपासून आली हे तिचं म्हणणं पुराव्यात उतरलं नाही. ते मुलांना सांगावं. आणि पाठ्यपुस्तकातलं '७०एस'ही जरा सैल आहे, माणसाच्या तंतुकणिकेतले रायबोझोम ५५एस असतात. पेपरात मात्र पुस्तकातलंच लिहा, हेही सांगावं लागतं.

एका मुलाच्या आजोबांना क्षयाच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या सुयांनंतर कमी ऐकू यायला लागलं होतं. ते औषध जिवाणूंच्या रायबोझोमवर घाव घालतं. तंतुकणिकेचे रायबोझोम त्याच वंशातले, आणि काही घराण्यांत तंतुकणिकेच्या जनुकात असा बदल असतो की अशा औषधांचा कानावर जास्त परिणाम होतो. आजोबांच्या बाबतीत तसंच झालं असेल असं मी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. पण हा धडा औषधाच्या बाटलीपर्यंत जातो, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

यंत्राच्या खोडी. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे पारा ४४-४५च्या घरात असतो. त्या उष्णतेत नॉबमधलं ग्रीस पातळ झालं आणि स्टेज आपोआप खाली सरकायला लागलं. फोकस लावावा तर दोन मिनिटांत गेला. विक्रेत्याला फोन केला तर 'जळगावला आणून द्या, महिनाभर लागेल' असं उत्तर मिळालं. कोर्स नॉबच्या (फोकसच्या मोठ्या चाकाच्या) मुळाशी एक कडं असतं, ते थोडं आवळलं की स्टेज धरून राहतं. हे माहितीपत्रकात कुठेच नाही. उन्हाळ्यात स्लाइडवरचं पाणीही झपाट्याने सुकतं. ड्रॉपर हाताशी ठेवा, कव्हरस्लिपच्या कडेने थेंब सोडत राहा.

१००च्या ऑब्जेक्टिव्हवर तेल राहू दिलं तर ते चिकटतं. दर तासिकेनंतर लेन्स पेपरने पुसायचंच, साडीचा पदर किंवा रुमाल अजिबात नाही. सोबत मिळालेली तेलाची बाटली अगदीच लहान आहे. पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढते, म्हणून पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि रंग बदलला की भाजून परत वापरा. बॅटरी चांगली आहे. वीज गेली तरी दोन तासिका निघतात, आणि आमच्या भागात ही सोय चैनीची नाही. आयपीसवर रबरी कप नाहीत, चष्मा लावणाऱ्या मुलांना त्रास होतो. मोबाईल लावायचा स्टँड वेगळा चारशेला घेतला, तो मात्र जरूर घ्या. फळ्याशेजारच्या टीव्हीवर हायड्रिला दिसला की मागच्या बाकावरची मुलंही उठून पुढे येतात.

ज्यांचं बजेट एवढं नाही त्यांनी आरशाचा, एका आयपीसचा घ्यावा. तो याच्या निम्म्याहून कमी किमतीत येतो आणि हायड्रिला व अझोला त्यात पुरेसे दिसतात. हरभऱ्याची गाठ आणि जेनस ग्रीनची स्लाइड मात्र १००शिवाय होत नाही. काहीही घ्या, दुकानात जाताना पाण्याच्या बाटलीत हायड्रिलाची एक फांदी न्या आणि तिथेच ४०वर लावून बघा. पानाचे दोन थर वेगवेगळे दिसले नाहीत, तर पैसे देऊ नका.